मातीच्या पाटीवरचे आकडे

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्याच निर्णयात पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली याही भाषा होत्या. मराठीच्या बाजूने वर्षानुवर्षे जे पुरावे मांडले गेले, त्यांत नाणेघाटातला शिलालेख होता आणि हालाची गाथासप्तशतीही होती. निर्णयाचा आनंद सर्वांना झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण या पुराव्यांकडे जरा थांबून पाहिले की एक प्रश्न उभा राहतो. नाणेघाटातल्या त्या गुहेत उभे राहून भिंतीवरची ब्राह्मी अक्षरे वाचणारे, त्यातल्या प्राकृताचा अर्थ लावणारे आणि ‘हा पुरावा इथपर्यंत जातो, याच्या पुढे जात नाही’ असे सांगू शकणारे आपल्यात किती आहेत? दर्जा सरकार देऊ शकते. वाचणारा माणूस मात्र विद्यापीठातच घडवावा लागतो, आणि त्याला वर्षे लागतात.

दुसरीकडे, संस्कृत, पाली, प्राकृत, प्राचीन इतिहास, पुरातत्त्व किंवा भाषाविज्ञान घेऊ पाहणाऱ्या मुलाला घरीदारी एकच प्रश्न ऐकावा लागतो : “हे शिकून पुढे काय?” प्रश्न खोटा नाही. त्याचे उत्तर देण्यासाठी आधी या विषयांत नेमके काय शिकतात, ते पाहायला हवे. अभिजात भाषा, प्राचीन संस्कृती आणि भाषाविज्ञान हे आपल्याकडे बहुधा तीन वेगळे विभाग, तीन वेगळ्या पदव्या असतात. वास्तविक ही एकाच विद्येची तीन अंगे आहेत. हे स्पष्ट दिसावे म्हणून एक उदाहरण जरा दूरचे घेतो. ते तुर्कस्तानातले आहे, पण त्याचा धागा थेट आपल्या बोलण्यातल्या आकड्यांपर्यंत येतो.

बोगाझकोयच्या पाट्या

तुर्कस्तानात अंकाराच्या पूर्वेला बोगाझकोय नावाचे गाव आहे. १९०६ मध्ये ह्यूगो विंकलर या जर्मन विद्वानाने आणि त्याचा सहकारी थिओडोर माक्रिदी याने तिथे उत्खनन सुरू केले. जमिनीतून मातीच्या भाजक्या पाट्या निघू लागल्या, आणि त्या हजारोंच्या संख्येने निघाल्या. ही जागा म्हणजे हिटाइट साम्राज्याची राजधानी हात्तुशा, हे या पाट्यांवरूनच ठरले. लिपी खिळ्यांच्या ठशांसारखी, म्हणजे क्यूनिफॉर्म. ती विद्वानांना वाचता येत होती, कारण बॅबिलोनच्या अक्काडियन भाषेचे लेखन याच लिपीत आहे. काही पाट्या अक्काडियनमध्ये होत्या, त्या लगेच उलगडल्या. बाकीच्यांचा उच्चार करता येई, अर्थ मात्र लागत नसे. वाचता येते पण कळत नाही, अशी ती अवस्था होती.

ही कोंडी फोडली बेद्रिख ह्रोझ्नी या चेक अभ्यासकाने, १९१५ मध्ये. त्याला एका वाक्यात ‘भाकरी’ या अर्थाचे सुमेरियन चिन्ह ओळखीचे वाटले. हिटाइट लेखनिक अशी उसनी चिन्हे सर्रास वापरत. भाकरी आहे, तर जवळपास खाण्याची क्रिया असणार. तिथे ‘एझ्झ’सारखे क्रियापद होते. लॅटिनमध्ये ‘एदो’ म्हणजे मी खातो, जर्मनमध्ये ‘एसेन’ म्हणजे खाणे, आणि संस्कृतात ‘अद्’ धातू आहे. आपला ‘अन्न’ हा शब्द त्याच धातूतून आला. पुढे ‘वातर’ असा शब्द होता. इंग्रजीतल्या ‘वॉटर’शी त्याचे साम्य कोणालाही दिसेल, आणि संस्कृतातले ‘उदक’ही याच कुळातले. एका वाक्यात खाणे आणि पाणी दोन्ही सापडले आणि हिटाइट ही इंडो-युरोपीय कुळातली भाषा ठरली.

इथे कोणाचे काय काम झाले ते पाहा. पाटी जमिनीतून काढणारा पुरातत्त्वज्ञ नसता, तर ती वाचायला मिळालीच नसती. अक्काडियन आणि सुमेरियन जाणणारा नसता, तर भाकरीचे चिन्ह ओळखू आले नसते. आणि भाषांतील ध्वनींची तुलना करणारा नसता, तर ‘एझ्झ’ हा शब्द निरर्थक आवाजच राहिला असता.

हाडातला हरवलेला ध्वनी

याच पाट्यांनी आणखी एक काम केले. १८७९ सालच्या एका प्रबंधात फर्दिनां द सोस्यूर या स्विस तरुणाने एक विलक्षण तर्क मांडला होता. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांतल्या स्वरांची अदलाबदल नियमात बसवायची असेल, तर या भाषांच्या मूळ जननीत असे काही ध्वनी मानावे लागतात, जे पुढे सर्वच ज्ञात भाषांतून नाहीसे झाले. प्रबंध लिहिताना तो अवघा एकवीस वर्षांचा होता. ज्या ध्वनींचा एकही नमुना हाती नाही त्यांचे अस्तित्व केवळ हिशेबाने सांगितलेले, त्यामुळे अनेकांना ते पटले नाही.

हिटाइट वाचता येऊ लागल्यावर १९२७ मध्ये येझी कुरिवोविच या पोलिश भाषाशास्त्रज्ञाने दाखवून दिले की सोस्यूरने ज्या जागा सांगितल्या, त्यांपैकी काही ठिकाणी हिटाइटमध्ये खरोखरच घशातून येणारा ‘ह’सारखा ध्वनी आहे. हाडाला संस्कृतात ‘अस्थि’ म्हणतात, ग्रीकमध्ये ‘ओस्तेओन’. हिटाइटमध्ये मात्र ‘हश्ताइ’. बाकीच्यांनी गमावलेला आरंभीचा ध्वनी तिथे मातीत जपून राहिला होता. सोस्यूर १९१३ मध्येच वारला होता. त्याला हे पाहायला मिळाले नाही.

भाषाविज्ञान हे शास्त्र का आहे, याचे उत्तर इथे मिळते. ध्वनी मन मानेल तसे बदलत नाहीत, नियमाने बदलतात. नियम असतो म्हणून भाकीत करता येते, आणि भाकीत करता येते म्हणून ते चुकीचेही ठरू शकते. दोन शब्द कानाला सारखे वाटतात म्हणून ते सख्खे, असे म्हणणे आणि ध्वनिनियमाने नाते सिद्ध करणे, यांतला फरक विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवला जातो. आपल्याकडच्या व्युत्पत्तीच्या कितीतरी गप्पा या एका चाळणीने गळून पडतील.

ऐक, तेर, पंझ, सत्त

आता आकड्यांकडे येऊ. बोगाझकोयला घोड्यांच्या प्रशिक्षणावरचा एक ग्रंथ मिळाला. तो हिटाइट भाषेत आहे, पण सांगणारा आहे किक्कुली नावाचा मितान्नी देशातला अश्वशिक्षक. मितान्नी राज्य आजच्या उत्तर सिरिया-इराक परिसरात होते आणि तिथले बहुसंख्य लोक हुरियन ही अगदी वेगळ्या कुळातली भाषा बोलत. तरीही घोड्याच्या फेऱ्यांसाठी किक्कुली जे शब्द वापरतो ते असे : ‘ऐक-वर्तन्न’, ‘तेर-वर्तन्न’, ‘पंझ-वर्तन्न’, ‘सत्त-वर्तन्न’, ‘न-वर्तन्न’. एक, तीन, पाच, सात, नऊ. ‘वर्तन’ म्हणजे वळणे, फेरी. त्याच ठिकाणी मिळालेल्या इ.स.पू. १४व्या शतकातल्या एका तहात मितान्नी राजाच्या देवांमध्ये मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावे आहेत.

मराठी माणसाला ‘सत्त’ वाचून आनंद होतो, कारण प्राकृतात सातला ‘सत्त’च म्हणतात. पण इथेच अभ्यासकाचे शिक्षण कामाला येते. ‘ऐक’मधला ‘ऐ’ हा संस्कृत ‘एक’मधल्या ‘ए’पेक्षा जुना टप्पा दाखवतो. इराणी शाखेत एकसाठी ‘क’ नसलेला वेगळा शब्द आहे, म्हणून हे शब्द भारतीय-आर्य शाखेच्या जवळचे, असे म्हणता येते. उलट ‘सत्त’ हे रूप संस्कृत ‘सप्त’पेक्षा झिजलेले, म्हणून नवे दिसते. एकाच पाटीवर एक रूप जुने, एक नवे. तेव्हा ‘सत्त’वरून थेट प्राकृतापर्यंत रेघ ओढता येत नाही. परक्या भाषेच्या तोंडी शब्द गेला की असा ‘प’ सहज गळू शकतो.

आणि ही माणसे कुठून आली, भारतातून तिकडे गेली की तिकडून इकडे आली, हे या पाच शब्दांवरून ठरत नाही. शब्द सांगतात ते एवढेच : इ.स.पू. १४व्या शतकात पश्चिम आशियातल्या एका राजघराण्याभोवती या भाषेचे अवशेष होते. यापुढचे उत्तर भांडी, घोड्यांची हाडे, रथ, दफने आणि आता प्राचीन डीएनए यांच्या साहाय्याने शोधावे लागते. या पाट्यांचा आधार घेऊन दोन्ही टोकांचे दावे होत असतात. दावा करणाऱ्याला तिन्हींपैकी एकच विद्या येत असली, तर पुरावा कुठे संपतो ते त्याला दिसत नाही.

पुन्हा आपल्या दगडापाशी

हीच कसोटी नाणेघाटाला लावून पाहू. कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या या घाटातल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांची नोंद आहे, संख्याचिन्हेही आहेत. शिल्पे नष्ट झाली, पण त्यांच्या जागी कोरलेल्या नावांत ‘महारठि’ ही पदवी वाचता येते. लिपीसाठी पुराभिलेखविद्या हवी, यज्ञांसाठी वैदिक वाङ्मय हवे, कार्षापणांसाठी नाणकशास्त्र हवे.

आणि भाषेसाठी? ‘प्राकृत म्हणजेच जुनी मराठी’ असे आपण सहज म्हणतो. पण लेखात घराण्याचे नाव ‘सातवाहन’ असे आहे, तर साहित्यातल्या महाराष्ट्री प्राकृतात ते ‘सालाहण’ होते. महाराष्ट्रीत दोन स्वरांमधली व्यंजने फार झिजतात, लेखांतल्या प्राकृतात तितकी झिजत नाहीत. म्हणजे दगडावरचे प्राकृत आणि गाथेतले प्राकृत हेही एक नव्हे. मराठीचा वंश तिथपर्यंत नेता येतो, पण मधल्या पायऱ्या मोजाव्या लागतात. रा. गो. भांडारकरांनी १८७७ मध्ये मुंबईत दिलेल्या विल्सन व्याख्यानांत संस्कृतापासून पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि पुढे आजच्या भाषा अशा पायऱ्या मांडल्या. झ्यूल ब्लोक या फ्रेंच अभ्यासकाने पुढे मराठीच्या घडणीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

शिवाय वंश म्हणजे सर्व काही नव्हे. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यांतला फरक मराठी मूल शाळेत जाण्याआधीच शिकते. ऐकणारा धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’. दोन्ही शब्द प्राकृतातून आले. संस्कृतात मात्र असा भेद नाही. तो तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असा आहे, तमिळमध्येही आहे. म्हणून मराठीतला हा भेद अभ्यासक द्राविड भाषांच्या सहवासाशी जोडतात. शब्द एका घरचे आणि त्यांच्या वापराची रीत दुसऱ्या घरची! केवळ संस्कृत शिकून हे दिसत नाही, आणि केवळ अभिमान बाळगूनही दिसत नाही.

एका छपराखाली

या तिन्ही विद्या एकत्र असाव्यात, हे पुण्यात फार पूर्वी ओळखले गेले होते. १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेले आणि १९३४ मध्ये बंद पडलेले डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले, तेव्हा सु. मं. कत्रे, ह. धी. सांकलिया, इरावती कर्वे अशी माणसे एकाच आवारात आली. भाषा, उत्खनन आणि समाज यांचा अभ्यास शेजारी शेजारी चालला. १९५५ पासून भाषाविज्ञानाची प्रशिक्षण सत्रे तिथून सुरू झाली आणि देशभरच्या तरुण अभ्यासकांना त्यांचा लाभ झाला. घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन १९६८ पासून तब्बल पंधरा वर्षे चालले, आणि ताम्रपाषाण युगातला शेतकरी काय पिकवत होता, मेलेल्या मुलांना कसे पुरत होता, हे आपल्याला कळले. या लोकांची भाषा मात्र आपल्याला माहीत नाही, कारण त्यांनी एकही अक्षर लिहून ठेवलेले नाही. भांडे बोलत नाही, हेही याच विद्येत शिकायचे असते.

त्याच आवारात १९४८ मध्ये कत्रे यांनी संस्कृतच्या महाकोशाचे काम हाती घेतले. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द वेचून कागदी चिठ्ठ्या तयार झाल्या. त्यांची संख्या सुमारे एक कोटी सांगितली जाते. पहिला भाग १९७६ मध्ये छापून आला. त्यानंतर खंडामागून खंड निघाले, तरी काम अजून ‘अ’च्या घरातच आहे. एखाद्याला हे हसण्यासारखे वाटेल. पण हे काम एका पिढीने दुसरीच्या हाती सोपवण्याचे आहे. मधली एक पिढी तुटली, तर चिठ्ठ्या कपाटात राहतात आणि त्या वाचणारा उरत नाही.

म्हणून ‘पुढे काय?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे : नोकऱ्या थोड्या आहेत, वाट लांब आहे. हस्तलिखिते, कोश, संग्रहालये, पुरातत्त्व खाते, अध्यापन आणि हल्ली संगणकावरील भाषेचे काम, इथे या शिक्षणाचा उपयोग होतो. पण त्याआधी विद्यापीठांनी एक करायला हवे. संस्कृत किंवा प्राकृत घेणाऱ्याला ध्वनिविचाराचा एक अभ्यासक्रम आणि उत्खननातला एक हंगाम सक्तीचा असावा; पुरातत्त्व घेणाऱ्याला एक प्राचीन भाषा वाचता आलीच पाहिजे; भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने हातात एक तरी जुना लेख धरलेला असावा. याला मोठ्या इमारती लागत नाहीत. विभागांच्या मधल्या भिंतीत दार पाडावे लागते.

महाराष्ट्रात आजही नांगराच्या फाळाला ताम्रपट लागतो, पडक्या देवळाच्या मागे वीरगळावर चार ओळी निघतात, जुन्या वाड्यात पोथ्यांचे गाठोडे सापडते. अभिजात दर्जा मिळाल्यामुळे त्या ओळी आपोआप वाचल्या जाणार नाहीत. कोणीतरी वाकून ती अक्षरे टिपून घ्यावी लागतील, शब्दाचा काळ ठरवावा लागेल, आणि ‘इथपर्यंत खात्री आहे’ असे म्हणून लेखणी थांबवता यावी लागेल.