पेट्रोल अडलं कुठं?

मे महिन्यातली दुपार, खंडाळ्याचा घाट, कडेला बॉनेट उघडून उभी असलेली पद्मिनी आणि तिच्या पेट्रोल पंपावर टाकलेलं ओलं फडकं. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे दृश्य रोजचं होतं. ‘इंजिन तापलंय’ एवढंच सगळे म्हणायचे. पण ते अर्धंच कारण होतं.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीची पेट्रोलची टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनाच्या अंगालाच बसवलेला. इंजिन फिरलं की कॅमशाफ्ट पंपाचा दांडा हलवतो, आतला डायफ्राम खाली जातो आणि नळीतला दाब कमी होतो. पंप पेट्रोल ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं ढकलण्याचं काम टाकीतल्या पेट्रोलवर दाब देणारी हवा करते. जुन्या गाडीत पेट्रोल येईनासं झालं की हीच एक गोष्ट डोक्यात ठेवावी: हवेचा दाब कुठं बिघडला?

पेट्रोल हा एकच एक द्रव नाही, अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. त्यातले सगळ्यात हलके घटक तीस-चाळीस अंशांनाच उकळू लागतात. घाटात गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते, समोरून वारा लागत नाही, पंप भाजून निघतो. त्यात ओढीमुळे नळीतला दाब आधीच कमी, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना हवेचा दाबही पाच-सहा टक्क्यांनी उतरतो. नळीत वाफेचे फुगे धरतात. मग डायफ्राम वर-खाली होतो, पण वाफ नुसती दबते आणि फुगते, पेट्रोल पुढे सरकत नाही. फडक्यातलं पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जातं, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी सुरू होते. नव्या गाड्यांत पंप टाकीतच बुडालेला असतो. तो पेट्रोल मागून दाबाने ढकलतो, त्यामुळे हा त्रास बहुतेक संपला.

पण गार सकाळीही गाडी पाच-सात किलोमीटरवर बंद पडत असेल, तर टाकीचं झाकण उघडून पाहा. ‘फुस्स’ असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर पंपाला दोष देऊ नका. हवा आत जाण्याचं बारीक छिद्र बुजलं आहे. पेट्रोल संपत जातं, त्याची जागा घ्यायला हवा येत नाही, आणि ढकलणारंच कोणी उरत नाही.

सगळ्यात फसवी असते ती चिरलेली रबरी नळी. ती टाकी आणि पंप यांच्या मध्ये असेल, तर चालत्या गाडीत थेंबही गळत नाही, कारण आत दाब कमी असतो; पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. ‘गाडी एअर घेतेय’ हे मेकॅनिकचं म्हणणं शब्दशः खरं असतं. गार इंजिनावर, कॉइलची वायर काढून ठेवून, कार्बोरेटरकडची नळी बाटलीत सोडा आणि स्टार्टर मारा. जोरदार पिचकाऱ्या आल्या तर अडथळा पुढे, म्हणजे कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई किंवा जेट यांत. बुडबुडे आले तर नळीत हवा शिरते आहे. काहीच आलं नाही तर फिल्टर किंवा पंप. तेव्हा डिपस्टिकचा वास जरूर घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर डायफ्राम फाटून पेट्रोल इंजिनात उतरतं आहे. मग गाडी अजिबात चालवू नये. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

आणि तोंडाने नळी ओढून पेट्रोल कधीही काढू नका. गॅरेजमधल्या पोरांना हे करताना पाहिलं की जीव कळवळतो. घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेलं तरी जिवावर बेतू शकतं.

आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळतं, पण थोड्या प्रमाणात मिसळलं की मूळ पेट्रोलचा बाष्पदाब वाढतो, म्हणजे नळीत वाफ आणखी लवकर धरते. टाकीत वर्षानुवर्षं साचलेला चिकट गाळ ते सोडवतं, आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. हवेतला ओलावा शोषतं, जुनं रबर फुगवतं. म्हणून जुन्या गाडीचा पंप बदलण्याआधी नळ्या बदलाव्यात, त्याही इथेनॉलला टिकणाऱ्या, आणि पुढचे काही महिने फिल्टर वरचेवर उघडून पाहावा. काढलेल्या नळीचा तुकडा उभा चिरून आतून बोट फिरवा. बोटाला काळं लागलं, तर कार्बोरेटरही उघडायला हवा: जेटचं छिद्र जेमतेम मिलिमीटरभराचं असतं.