अडचण यंत्राची की खेळाची?

मे २०२४ मध्ये डिजिटल इक्लिप्स या कंपनीने 'विझर्ड्री : प्रूव्हिंग ग्राउंड्स ऑफ द मॅड ओव्हरलॉर्ड' हा १९८१ चा गेम नव्या रूपात बाजारात आणला. नुसत्या रेषांच्या भिंती आता दगडी झाल्या, राक्षसांना अंगकाठी आली आणि विनिफ्रेड फिलिप्स यांच्या संगीताला पुढच्या वर्षी ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. पण या आवृत्तीतली सगळ्यात मोलाची गोष्ट पडद्याच्या कोपऱ्यात आहे. तिथे एक लहानशी चौकट उघडता येते आणि तिच्यात ॲपल टू संगणकावरचा मूळ गेम चालू असलेला दिसतो. नवी आवृत्ती मूळ प्रोग्रामवरच उभी आहे, त्यामुळे वरच्या सगळ्या थाटाच्या खाली जुने नियमच राबत असतात. भुयारात उतरायचं, खजिना मिळवायचा आणि जमलं तर जिवंत परत यायचं, अशा डन्जन क्रॉलर प्रकारातल्या जुन्या गेमना गेल्या बारा-तेरा वर्षांत एकामागून एक रिमास्टर लाभले. त्यांचा मागोवा घेताना मला ही चौकट कसोटीसारखी वाटते. या खेळांत अडचणींना तोटा नाही. त्यातल्या काही तेव्हाच्या यंत्रांनी लादलेल्या होत्या, काही खेळ रचणाऱ्याने मुद्दाम पेरल्या होत्या. रिमास्टर करणाऱ्याला या दोहोंतला फरक कळला आहे का, हा पहिला प्रश्न. चित्रं किती देखणी झाली, हा त्यानंतरचा.

विझर्ड्रीतच हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी सापडतात. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या कॉर्नेल विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी दहा मजल्यांचं भुयार रचलं. प्रत्येक मजला वीस बाय वीस घरांचा, आणि त्यात उतरायला सहा जणांची टोळी. मूळ गेममध्ये मंत्र टाकायचा तर त्याचं नाव कीबोर्डवर अक्षरशः टाइप करावं लागे, आणि ही नावं कळायची ती सोबतच्या पुस्तिकेतून. नव्या आवृत्तीत मंत्र यादीतून निवडता येतो आणि तो काय करतो तेही समोर लिहिलेलं दिसतं. यात काहीच गमावलं नाही. आता मृत्यूचं बघा. टोळीतला कोणी मेला की त्याला वर आणून मंदिरात पैसे मोजावे लागतात. विधी फसला तर त्याची राख होते, आणि राखेवरचा विधीही फसला तर तो पात्रांच्या यादीतून कायमचा जातो. सगळी टोळीच खाली गारद झाली तर नवी टोळी उभी करून, त्याच अंधारात उतरून, जुन्यांचे देह शोधावे लागतात. ही अडचण यंत्राची नव्हे. मजला उतरावा की मागे फिरावं, या एका निर्णयाला जी धार येते ती या धोक्यामुळेच. 'मालोर' मंत्राने टोळीला एका जागेवरून दुसरीकडे नेताना हिशेब चुकला आणि ती दगडात जाऊन पडली, तर सगळे संपले. हा धोका काढून टाकला असता तर उरला असता तो फक्त लिफ्टचा खेळ.

नकाशाच्या बाबतीत निवाडा इतका सरळ होत नाही. १९८५ चा 'द बार्ड्स टेल' खेळणारे लोक चौकटींचा कागद आणि पेन्सिल घेऊन बसत. भुयारात काळोखाची दालनं, पाऊल पडताच तोंड फिरवणाऱ्या जागा आणि कळू न देता दुसरीकडे नेऊन टाकणारी घरं होती. हे सगळे सापळे एकाच गोष्टीवर नेम धरतात: खेळणाऱ्याच्या हातातल्या कागदावर. चार पावलं चाललो असं समजून तुम्ही चार चौकटी रंगवता आणि पाचवीला लक्षात येतं, की तिसरीपासूनच सगळं चुकलंय. २०१८ मध्ये क्रोम स्टुडिओजने केलेल्या रिमास्टरमध्ये नकाशा आपोआप उमटतो. सोय मोठी आहे, पण त्या क्षणी तोंड फिरवणारी जागा निकामी होते. नकाशावरचा बाण तुम्हाला कुठे वळवलं ते सांगून टाकतो. सापळा जागेवर राहिला, पण त्याचे दात गेले. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या दगडी देवळांना ऑइलपेंट फासतात, तेव्हा हेच घडतं. मूर्ती तिथेच असते, पण तिच्यावरचं कोरीवकाम बुजून जातं.

यावर उत्तर आहे, आणि ते जपानमधून आलं. जपानी रोल प्लेइंग गेमच्या परंपरेवर विझर्ड्रीचं ऋण मोठं आहे, आणि अ‍ॅटलस कंपनीने २००७ मध्ये 'एट्रियन ओडिसी'तून त्याची उत्तम परतफेड केली. निन्टेंडो डीएसला दोन पडदे होते. वरच्या पडद्यावर भुयार दिसे आणि खालच्यावर लेखणीने भिंती, दारं, खुणा स्वतः काढायच्या असत. कागद-पेन्सिलचा खटाटोप गेला, नकाशा काढण्याचं काम मात्र खेळात राहिलं. तिथले मोठे शत्रू नकाशावर खूण बनून दिसतात आणि तुमच्या पावलाबरोबर एक एक घर सरकतात. त्यामुळे तुम्ही काढलेली भिंत तुमचा जीव वाचवू शकते. जून २०२३ मध्ये पहिले तीन भाग एचडी रूपात आले, तेव्हा दोन पडद्यांचं यंत्र उरलं नव्हतं. तरी कर्त्यांनी नकाशा एकाच पडद्याच्या एका बाजूला घेतला आणि काढण्याचं काम खेळणाऱ्याकडेच ठेवलं. या तिन्ही भागांत चित्रांची सुधारणा बेताचीच आहे, पण कशाला हात लावायचा नाही हे तिथे अचूक ओळखलं गेलं.

यंत्राची अडचण आणि खेळाची अडचण यांतला फरक सामानाच्या जागेतही दिसतो, म्हणून 'डायब्लो टू : रिझरेक्टेड' (२०२१) इथे सविस्तर बघण्याजोगा आहे. २००० सालच्या मूळ गेममध्ये वस्तू साठवायची पेटी अगदी लहान होती. म्हणून लोक केवळ सामान ठेवण्यापुरती वेगळी पात्रं तयार करत आणि एका पात्राची वस्तू दुसऱ्याकडे न्यायला ती जमिनीवर टाकून गेम बंद पडू नये अशी प्रार्थना करत. रिमास्टरमध्ये पेटी मोठी झाली, सगळ्या पात्रांना सामायिक कप्पे मिळाले आणि हा द्राविडी प्राणायाम संपला. पात्राच्या अंगावरची पिशवी मात्र चाळीस घरांचीच राहिली. ती वाढवा, अशी मागणी झालीच. पण २००१ च्या विस्तारात आलेले तावीज नुसते पिशवीत बाळगले तरी ताकद देतात. जागा तावीजांना द्यायची की लुटीला, हा निर्णय दर काही मिनिटांनी घ्यावा लागतो. पिशवी दुप्पट केली असती तर तो निर्णयच उरला नसता. एक बटण दाबलं की जुनी चित्रं परत येतात, हे या रिमास्टरचं आणखी एक पुण्य. मात्र मूळ गेममध्ये कंपनीच्या सर्व्हरशिवाय मित्रांचे संगणक जोडून खेळता येत असे. ती सोय सुरक्षिततेचं कारण देऊन काढली गेली. हे नुकसान खरं आहे आणि चकचकीत रूपाने ते भरून निघत नाही.

या सगळ्यावर काही आक्षेप येतात. पहिला असा, की हा जुन्या पिढीचा स्मरणरंजनाचा हट्ट आहे, आजच्या माणसाला इतका वेळ कुठून? वेळेचा मुद्दा खरा आहे. पण मंत्रांची नावं टाइप करणं, सामानासाठी खोटी पात्रं पोसणं, डिस्क बदलत बसणं, हा वाया जाणारा वेळ काढून टाकायला कोणाचीच हरकत नाही. पिढीचं म्हणाल, तर 'एट्रियन ओडिसी' कागदी नकाशांच्या काळानंतर वीस वर्षांनी आला आणि त्याला स्वतःचा नवा चाहतावर्ग मिळाला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोन्ही पर्याय द्या, ज्याला जे हवं ते तो निवडेल. 'द बार्ड्स टेल'मध्ये जुन्या नियमांचा पर्याय पुढे दिला गेलाही. पण बहुतेक लोक समोर येतं तेच खेळतात, सेटिंगच्या यादीत खोलवर जात नाहीत. २०१२ च्या 'लेजंड ऑफ ग्रिमरॉक'ने नवा गेम सुरू करतानाच नकाशाशिवाय खेळायचं का, असं विचारलं. पर्याय असावा तो असा, दारातच. तिसरा आक्षेप म्हणजे मूळ गेम आहेच की, हवा त्याने तो खेळावा. तो आहेच, असं मात्र गृहीत धरता येत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज विक्रीला उपलब्ध नाहीत. बहुतेकांसाठी रिमास्टर हीच एकमेव प्रत ठरते, आणि म्हणून त्यात काय ठेवलं आणि काय पुसलं याला महत्त्व येतं.

विझर्ड्रीचं नशीब चांगलं, तिचा मूळ प्रोग्राम हाताशी होता. बीमडॉग कंपनीने २०१२ मध्ये 'बाल्डर्स गेट' आणि २०१४ मध्ये 'आइसविंड डेल' नव्या रूपात आणला. २००२ च्या 'आइसविंड डेल टू'चीही त्यांना तशीच आवृत्ती काढायची होती, पण बरीच शोधाशोध करूनही मूळ सोर्स कोड सापडला नाही आणि बेत सोडावा लागला. पुढे चाहत्यांनीच विक्रीतल्या जुन्या गेमवर मॉड रचून, जमेल तितकी डागडुजी बाहेरून केली.