फसलेल्या साबणाचा हिशोब

घरी साबण करणाऱ्यांना फसलेल्या बॅचबद्दल दोन सल्ले हमखास मिळतात. एक, टाकून द्या. दुसरा, किसा, वितळवा आणि पुन्हा साच्यात भरा. दोन्ही घाईचे आहेत, कारण साबण का फसला हे त्यात कुणी विचारलेलंच नसतं. तेल आणि कॉस्टिक सोडा यांची अभिक्रिया ठरलेल्या प्रमाणात चालते: तेलाच्या एका रेणूला कॉस्टिकचे तीन लागतात आणि त्यातून साबणाचे तीन व ग्लिसरीनचा एक रेणू बनतो. चरबीचं हे अंतरंग मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उलगडलं. प्रमाण ठरलेलं असल्यामुळे चूक मोजता येते, आणि मोजलेली चूक बहुतेक वेळा दुरुस्तही होते. म्हणूनच फसलेला साबण आधी वजनांच्या कागदावर सुधारावा लागतो, गॅसवर नंतर.

एक नेहमी घडणारी चूक घेऊ. कृती आहे 1000 ग्रॅम खोबरेल तेलाची. इतकं तेल पूर्ण साबण व्हायला साधारण 183 ग्रॅम कॉस्टिक लागतं. थोडं तेल मोकळं राहावं म्हणून 5 टक्के कमी, म्हणजे 174 ग्रॅम घेतात. ऐन वेळी खोबरेल कमी पडतं म्हणून त्यातल्या 400 ग्रॅमच्या जागी शेंगदाणा तेल घातलं जातं आणि कॉस्टिक मात्र तेवढंच राहतं. शेंगदाणा तेलाला किलोमागे सुमारे 135 ग्रॅमच पुरतं. म्हणजे या मिश्रणाची गरज जेमतेम 164 ग्रॅम आणि पडलं 174. दहा ग्रॅम कॉस्टिक वडीत मोकळं राहिलं. अशी वडी ठिसूळ होते, कापताना तुकडे पडतात आणि त्वचेला भाजते. नुसती वितळवून पुन्हा साच्यात भरली तर तेच दहा ग्रॅम नव्या आकारात परत येतात. पण सुमारे 75 ग्रॅम शेंगदाणा तेल आणखी घातलं की जादा कॉस्टिक खपतं, आणि एकूण 140 ग्रॅमच्या आसपास घातलं की मूळचं 5 टक्के मोकळं तेलही परत मिळतं. इतका हिशोब हाताशी असताना वडी फेकणं म्हणजे चांगलं तेल वाया घालवणं.

अर्थात प्रत्येक बिघाड वजनाचा नसतो, आणि इथेच निदानाची खरी कसोटी आहे. वडीवर आलेली पांढरी पूड बहुधा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी कॉस्टिकचा संयोग होऊन बनलेला धुण्याचा सोडा असते. ती पुसली की काम झालं. साच्यात तेल वर तरंगत असेल तर अनेकदा घोटणं अपुरं झालेलं असतं, आणि सगळं भांड्यात परत घेऊन गरम करत घोटलं की ते मिळून येतं. मऊ वडीत पाणी जास्त असेल तर काही आठवडे थांबणं हाच उपाय. मात्र कॉस्टिकचा डबा पावसाळ्यात उघडा राहिला असेल तर त्याने ओल आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही शोषलेलं असतं. तराजू 174 दाखवतो, पण त्यात खरं कॉस्टिक कमी असतं. कोकणात साबण करणाऱ्यांनी ही शक्यता आधी तपासावी.

कॉस्टिक जास्त झालं तर व्हिनेगर घालून मारावं, असंही सांगतात. रसायनाच्या दृष्टीने ते अगदीच चूक नाही. पण व्हिनेगर हात राखून घालावं लागतं. जास्त झालं की ते साबणच फोडतं आणि मेदाम्लं सुटी होतात. तेल जास्त झालं तर फार तर वडी मऊ राहते. शिवाय तेल कॉस्टिकचा साबणच करतं, म्हणून मी तेलाच्या बाजूने आहे.

याहून वजनदार आक्षेप असा की वजनांची नोंदच नसेल तर? त्याला जुन्या कढईच्या साबणाने उत्तर देऊन ठेवलं आहे. मार्सेयचे साबणकार शिजलेल्या साबणात खारं पाणी मिसळत. तीव्र मिठाच्या पाण्यात साबण विरघळत नाही, तो वर येतो. जादा कॉस्टिक आणि ग्लिसरीन खाली पाण्यात उरतं. घरच्या पातेल्यातही हे जमतं, फक्त खोबरेलाच्या साबणाला मीठ फार लागतं. हाच साबण समुद्राच्या पाण्यातही फेस देतो, त्यामागे त्याचा तोच गुण आहे. ग्लिसरीन गेल्याने असा साबण थोडा रुक्ष होतो, हे मान्य करायला हवं.

हिशोब झाल्यावरचं काम साधं पण जपून करण्याचं आहे. हातमोजे आणि चष्मा घालावा, भांडं स्टीलचं घ्यावं. ॲल्युमिनियमवर कॉस्टिक चढलं की हायड्रोजन सुटतो. कीस, थोडं पाणी आणि ठरलेलं तेल दुहेरी भांड्यात मंद आचेवर ठेवावं. ते कधीच पाण्यासारखं पातळ होत नाही, उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यासारखं दिसतं. साच्यात दाबून भरावं, आपटून हवा काढावी, आणि पुन्हा काही आठवडे सुकू द्यावं. शेवटी ओल्या वडीवर फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकावा. फिकट गुलाबी छटा दिसली तर घाबरू नये, साबण अल्कधर्मीच असतो; गडद गुलाबी रंग आला तर वडी वापरू नये. या वड्या खडबडीत दिसतात, गुळगुळीत होत नाहीत. ज्याला विकायच्या आहेत त्याला हा तोटा खरा आहे, पण घरच्या न्हाणीघरात त्याने काही बिघडत नाही.

एक बॅच मात्र वाचत नाही. वडीवर नारिंगी डाग पडले आणि खवट वास आला तर तेलच बिघडलेलं असतं, आणि ते वितळवल्याने सुधारत नाही. बाकी कुठलाही साबण फसला तर किसणी काढण्याआधी वजनांचा कागद शोधा. आणि कागद ठेवण्याची सवय नसेल तर प्रत्येक तेलाचं नाव, त्याचं वजन, कॉस्टिकचं वजन आणि डबा उघडल्याची तारीख आजपासून लिहायला लागा.