हर्सूलहून समुद्राकडे : निघण्याआधी तिथी पाहा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या हर्सूलच्या तलावाकाठून समुद्र गाठायचा, तर अख्खं पठार ओलांडावं लागतं. अहिल्यानगरमार्गे पुणं सुमारे २३५ किलोमीटर. पुढे मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव. एका दमात हे अंतर रेटू नये. पुण्यात मुक्काम करून घाट दिवसाउजेडी उतरावा.

सगळ्यात देखणा पट्टा दिवेआगर ते श्रीवर्धन. भरडखोल, शेखाडी करत जाणारा रस्ता अरुंद, वळणावळणाचा. पण समुद्र उजव्या हाताला, काही ठिकाणी तर अगदी चाकाशी. इथे घाई करणं म्हणजे सहल वाया घालवणं. श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथांचं मूळ गाव.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा लाटांनी कोरलेल्या खडकांवरून जाते. ती ओहोटीलाच करता येते. भरतीची वेळ काढायची कोकणी रीत अशी : तिथीला तीनने गुणा, चारने भागा. अष्टमीला उत्तर येतं सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या आसपास. हा अंदाज झाला. खडकांवर उतरण्याआधी गावकऱ्यांना विचारावंच.

बागमांडल्याला गाडी थेट फेरीबोटीत चढते. सावित्रीची खाडी ओलांडली की वेश्वी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा.

जवळच वेळास, नाना फडणवीसांचं गाव. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं इथे समुद्रात सोडली जातात. तळहातात मावतील एवढीच असतात ती. पाहायला जाल तेव्हा दोरीच्या अलीकडेच थांबा आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवा.