उतारवयात थंडी जास्त का वाजते?

डिसेंबर उजाडला की घरातले तरुण एका चादरीवर भागवतात. आजी-आजोबांना मात्र स्वेटर, कानटोपी आणि वर गोधडीही पुरत नाही. याला कारण शरीरातले बदल. वयानुसार स्नायू घटतात, चयापचय मंदावतो आणि उष्णता कमी तयार होते. त्वचेखालची चरबी पातळ झाल्याने आहे ती ऊबही टिकत नाही. थंडीत त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसून आतली उष्णता राखतात. उतारवयात त्या पूर्वीइतक्या चटकन आकसत नाहीत.

ज्यांना थंडी वाजते, ते निदान पांघरूण तरी मागतात. काही ज्येष्ठांना मात्र गारव्याची जाणीवच कमी होते, हुडहुडीही फारशी भरत नाही. त्यांची जास्त काळजी घ्यावी. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेल्यास गुंगी येते, बोलणे अडखळते, गोंधळ उडतो. ‘वयामुळे होते’ असे न म्हणता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

थंडी अलीकडेच जास्त वाजू लागली असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हातपाय गार पडतात. पण त्या परस्पर बंद करू नयेत.