जुनी गाडी, मुकी गाडी

● पाळत : मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ कार-ब्रँड तपासले, ग्राहकाच्या खासगीपणाच्या कसोटीवर एकही उतरला नाही.

● घुसखोरी : २०१५ मध्ये दोन संशोधकांनी घरबसल्या, इंटरनेटवरून धावत्या जीप चेरोकीचा ताबा घेतला. त्यानंतर अमेरिकेत सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या.

● सक्ती : युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून नव्या मॉडेलांना अपघाताची वर्दी आपोआप देणारी ‘ई-कॉल’ यंत्रणा बंधनकारक.

● आपल्याकडे : खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे आरटीओची तपासणी आणि दर ५ वर्षांनी नूतनीकरण. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा.

● जुनेपणाची किंमत : भारतात एबीएस आणि चालकाची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांत २०१९ पासून सक्तीची. त्याआधीच्या अनेक गाड्यांत दोन्ही नाहीत.