विषाचा तास : पदवीच्या वर्गातील विषशास्त्राचा मागोवा

भारतात विषशास्त्र पदवीच्या अभ्यासक्रमात आले ते न्यायवैद्यकाचा जोडविषय म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथील वैद्यक महाविद्यालयांत विषांचा अभ्यास न्यायवैद्यकाच्या व्याख्यानांतच उरकला जाई. हा साचा युरोपातला होता. मिनॉर्का बेटावर जन्मलेले मॅथ्यू ऑर्फिला यांचा विषांवरील ग्रंथ 1814 पासून पॅरिसमध्ये प्रसिद्ध होऊ लागला. एडिंबरोचे रॉबर्ट ख्रिस्टिसन त्यांच्या हाताखाली शिकून आले आणि 1829 मध्ये त्यांनी इंग्रजीत तसाच ग्रंथ लिहिला. जेम्स मार्श यांनी 1836 मध्ये सोमल (आर्सेनिक) ओळखण्याची कसोटी दिली. 1840 च्या लाफार्ज खटल्यात ऑर्फिलांनी पतीच्या प्रेतातून सोमल काढून दाखवल्यावर न्यायालयाने आरोपी पत्नीला दोषी ठरवले. तेव्हापासून विषशास्त्र शिकणे म्हणजे प्रेतातले विष शोधून न्यायाधीशापुढे ठेवायला शिकणे, ही समजूत पक्की झाली. भारतातल्या वर्गांवर तिची छाया फार काळ राहिली.

इथे सरकारी रासायनिक परीक्षकाचे पद प्रथम 1849 मध्ये मद्रासला निर्माण झाले. पुढे कलकत्ता, आग्रा आणि 1870 मध्ये मुंबई अशी त्यात भर पडली. नॉर्मन चेव्हर्स यांचे बंगालसाठीचे न्यायवैद्यकाचे पुस्तक 1856 मध्ये निघाले. युरोपातली पुस्तके इथे पुरी पडत नाहीत, हे त्यातून उघड झाले, कारण इथली विषे वेगळी होती. युरोपातला विषप्रयोग प्रामुख्याने सोमलाचा. इथे सोमल होताच, शिवाय अफू, बचनाग, कुचला, कण्हेर आणि धोतरा होता. जनावर मारून कातडे मिळवण्यासाठी गुंजांच्या वाटणाच्या सुया टोचत. खोटी फिर्याद करण्यासाठी अंगावर बिब्बा लावून माराचे वळ उठवत. हे सारे इथल्या डॉक्टरला ओळखता यावे लागे.

या विद्येचे वजन किती, हे 1874 च्या नोव्हेंबरात बडोद्याला दिसले. ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांना त्यांच्या पपनसाच्या सरबताची चव विचित्र लागली. त्यांनी ते फेकून दिले, तेव्हा पेल्याच्या तळाशी गाळ राहिला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला आणि मुंबईचे रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांच्याकडे पाठवला. त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचा निष्कर्ष निघाला. विषप्रयोगाच्या संशयावरून बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांची चौकशी करणाऱ्या आयोगात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्य होते, आणि मते नेमकी तशीच विभागली गेली. 1875 मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले ते गैरकारभाराचे कारण देऊन. गाळात काय होते हे रसायनशास्त्राने सांगितले. ते तिथे कोणी टाकले, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. विषशास्त्राची मर्यादा विद्यार्थ्याला शिकवायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात (स्थापना 1845) हा विषय शिकवणारे इझिडोर लायन हे रसायनशास्त्राचे आणि न्यायवैद्यकाचे प्राध्यापक होते, तसेच सरकारचे रासायनिक विश्लेषकही. सकाळी प्रयोगशाळेत आलेली बरणी दुपारी व्याख्यानाचा विषय होऊ शकेल, अशी ही सोय. 1880 च्या दशकाच्या अखेरीस निघालेले त्यांचे पाठ्यपुस्तक पुढे अनेक वर्षे चालले. त्यानंतर 1920 मध्ये जयसिंग मोदी यांचे न्यायवैद्यक आणि विषशास्त्रावरचे पुस्तक आले. पुस्तकाच्या नावातच विषशास्त्र आल्याने विषयाला निदान नावापुरता स्वतंत्र मान मिळाला. 'मोदी' हे नाव विद्यार्थ्यांच्या आणि वकिलांच्या तोंडी इतके बसले की पुस्तक आणि लेखक यांत फरक उरला नाही.

या परंपरेची सर्वांत चिवट खूण तोंडी परीक्षेच्या टेबलावर दिसते. परीक्षक दोन बिया पुढे ठेवून धोतऱ्याची कोणती आणि मिरचीची कोणती, असे विचारतात. मिरचीची गोलसर, पिवळट आणि तिखट. धोतऱ्याची मूत्रपिंडाच्या आकाराची, तपकिरी आणि कडवट. हा प्रश्न वाटमाऱ्यांच्या काळातला आहे. प्रवाशाच्या जेवणात धोतरा मिसळून, त्याला गुंगी आली की लुटायचे, अशी रीत होती. रेल्वेने हमरस्त्यांवरचे ते जग पुसले, पण प्रश्न अभ्यासक्रमातून गेला नाही. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी प्रेतातून काढलेले अवयव, मिठाच्या संपृक्त द्रावणात का ठेवायचा, कोणत्या विषात तो तसा ठेवायचा नाही, हेही प्रत्येक पिढी पाठ करत आली. विषबाधा झालेला रुग्ण जिवंत असताना त्याचे काय करायचे, हे मात्र बऱ्याच अंशी औषधशास्त्राच्या आणि वैद्यकाच्या वर्गांवर सोपवलेले राहिले.

आयुर्वेदाच्या पदवीत हा विषय दुसऱ्या वाटेने आला. अगदतंत्र हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला तेविसावा अध्याय विषचिकित्सेचा आहे आणि त्यात चोवीस उपक्रम सांगितले आहेत. सुश्रुताचे कल्पस्थान तर आठही अध्याय विषांनाच वाहिलेले आहे. त्याची सुरुवात राजाच्या स्वयंपाकघरापासून होते: वैद्याने कशावर नजर ठेवावी, विष घालणारा माणूस कसा ओळखावा. तो विचारल्यावर उत्तर देत नाही, विनाकारण जमीन उकरत बसतो. स्थावर आणि जंगम हे विषांचे मूळ भेद. त्यांत कृत्रिम म्हणजे गरविष आणि शरीरात मुरून राहणारे दूषीविष यांची भर. कमी मात्रेत दीर्घकाळ अंगात जाणाऱ्या कीटकनाशकांची चर्चा करताना आजचे अध्यापक दूषीविषाचा दाखला देतात. तो अगदी नेमका नाही, तरी विद्यार्थ्याच्या मनात कल्पना रुजवायला उपयोगी आहे. 1970 च्या केंद्रीय कायद्यानंतर बीएएमएसचा अभ्यासक्रम देशभर एकसारखा होत गेला, तेव्हा अगदतंत्राला व्यवहार आयुर्वेद आणि विधिवैद्यक यांची जोड मिळाली. म्हणजे इथेही विषाशेजारी न्यायालय येऊन बसलेच.

पशुवैद्यकात तसे झाले नाही. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय 1886 चे. या शाखेत विषशास्त्र औषधशास्त्राबरोबर शिकवले जाते आणि प्रश्न सरळ गोठ्यातून येतात. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी खाल्लेल्या जनावराला किरळ लागते, ती सायनाइड तयार करणाऱ्या घटकामुळे. घाणेरी खाल्लेल्या जनावराचे यकृत बिघडते. गिधाडांचा प्रश्नही याच वर्गात येतो. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, हे 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले आणि 2006 मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. बी.फार्म.मध्ये विषशास्त्र येते ते नव्या औषधाच्या सुरक्षिततेच्या चाचण्यांपुरते.

एमबीबीएसच्या शिकवणीतली उणीव उघडी पडली ती खेड्यात. 1970 च्या दशकात रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर यांच्यासमोर लाल विंचू चावलेली माणसे मरत होती, आणि पुस्तकातले उपचार लागू पडत नव्हते. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणे लॅन्सेटमध्ये आली. पुढे त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशात वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. वर्गात जे शिकवले गेले नव्हते, ते असे आरोग्य केंद्रातून पाठ्यपुस्तकात गेले.

दुसरा धक्का भोपाळचा. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री मिथिल आयसोसायनेट वायू शहरावर पसरला, तेव्हा हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांना त्याचा उतारा ठाऊक नव्हता. गांधी मेडिकल कॉलेजातले न्यायवैद्यकाचे प्रमुख डॉ. हिरेश चंद्र यांना शवविच्छेदनात रक्त आणि अवयव लालभडक दिसले. त्यावरून सायनाइडसारखी बाधा असावी असा त्यांचा तर्क होता. सोडियम थायोसल्फेट हा सायनाइडवरचा उतारा द्यावा की नाही, यावर मोठा वाद पेटला. इथे प्रेताच्या टेबलावरून उपचाराची दिशा सुचली. पण विषशास्त्र न्यायालयासाठीच शिकलेल्या यंत्रणेकडे तो सल्ला तडीस नेण्याची तयारी नव्हती. विषबाधेबद्दल फोनवर सल्ला देणारे राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या एम्समध्ये सुरू व्हायला 1995 उजाडले.

अभ्यासक्रम बदलला तो सावकाश. भारतीय वैद्यक परिषदेच्या 1997 च्या नियमांत न्यायवैद्यकाचे विषशास्त्रासकट साधारण 100 तास होते. विषबाधेचा प्रश्न न्यायालयाबाहेरचाही आहे, हे पुन्हा दिसले: 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि मजूर आजारी पडले, त्यांतले सुमारे वीसजण दगावले. 2019 मध्ये लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात विषशास्त्राचे वेगवेगळे विभाग पाडले गेले: रासायनिक, औषधी, जैविक, सामाजिक-वैद्यकीय आणि पर्यावरणीय.

स्वतंत्र पदवीचा मार्ग अमेरिकेने धरला. तिथे सोसायटी ऑफ टॉक्सिकॉलॉजी 1961 मध्ये स्थापन झाली, कॅसारेट आणि डौल यांचे पाठ्यपुस्तक 1975 मध्ये आले आणि डेव्हिससारख्या विद्यापीठांत पर्यावरणीय विषशास्त्राची पदवी मिळू लागली. भारतात लखनौला 1965 मध्ये संशोधनासाठी विषशास्त्राचे केंद्र निघाले, पण शिक्षण मुख्यतः पदव्युत्तर पातळीवरच राहिले. महाराष्ट्रात 2009 पासून न्यायसहायक विज्ञानाच्या शासकीय संस्था मुंबई, औरंगाबाद अशा ठिकाणी उभ्या राहिल्या. तिथल्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला विषांचे पृथक्करण वैद्यकाच्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त तपशिलात शिकायला मिळते. तो शिकतो ती मात्र लायन यांच्या प्रयोगशाळेतलीच विद्या, फक्त मार्शच्या नळीऐवजी त्याच्यापुढे क्रोमॅटोग्राफचा आलेख असतो.